डावी नाकपुडी

एकतीस वर्षं कोराडीच्या बॉयलरवर काढली.
दर तासाला लॉगबुक भरलं:
दाब, तापमान, पाण्याची पातळी, सही.
यंत्राचा श्वास मला जिन्यातूनच कळायचा,
आज कुठं अडून राहिला, कुठं धापा टाकून राहिला.
स्वतःचा कधी ऐकला नव्हता.

रिटायर झालो त्या मार्चात
झिंगाबाई टाकळीच्या समाजभवनात सतरंजीवर बसलो.
शिकवायला पराते बाई. पूर्वी शाळेत होत्या,
म्हणून आधी हजेरी.
नाव सांगा. आजार सांगा.
यादव निमगडे, म्हणालो.
आजार काही नाही जी.
आणि रक्तदाबाची गोळी
खिशातल्या खिशात चाचपली.

तिसऱ्या दिवशी भस्त्रिका.
भाता तर आपल्या ओळखीचा!
शेजारचं पोरगं पन्नास करतं, तर मी शंभर.
ते दहापर्यंत श्वास कोंडतं, तर मी चाळीस.
पोटात सकाळचे तर्री-पोहे.
एकतीसला कानात शिट्टी वाजली,
बत्तीसला भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं झालं,
तेहतीस मला आठवत नाही.
गालाला सतरंजीचे पट्टे.

बाई ओरडल्या नाहीत.
खिडक्या उघडायला लावल्या, डॉक्टरकडे धाडलं,
चिठ्ठी आणेपर्यंत बसू दिलं नाही.
मग एवढंच विचारलं:
"निमगडेजी, तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह
कोणी दोरीनं बांधून ठेवला असता
तर तुम्ही त्याचं काय केलं असतं?"

सस्पेंड, बाई.
त्याच पाळीत.

तेव्हापासून माझं काम साधं.
पोट रिकामं. पाठ सरळ, पण ताणलेली नाही.
भाता नाही, कोंडणं नाही, शेजारी बघणं नाही.
डावीनं घ्यायचा, उजवीनं सोडायचा,
उजवीनं घ्यायचा, डावीनं सोडायचा,
आणि सोडताना संक्रांतीच्या मांज्यासारखी ढील,
हिसका नाही.
गरगरलं, छाती भरून आली, तर तिथंच थांबायचं,
हात मांडीवर, नेहमीसारखा श्वास.
"त्याला कमी समजू नका," बाई म्हणाल्या,
"त्यानंच इथवर आणलं तुम्हाला."

पण माझी डावी बंद.
राखेनं की हाडानं, डॉक्टरही नक्की सांगेना.
उजवी अंगठ्यानं मिटली की आत
नुसती गंजलेल्या बिजागरीची कुरकुर.
जोर लावला तर बाई दुरूनच बोट हलवायच्या.
येईल तेवढी येऊ द्या.
नाही आली तर दोन्ही उघड्या ठेवून बसा.
बसणंही मोजतात.

मे आला. पारा पंचेचाळीस.
सगळे म्हणाले, बाई, शीतली घ्या ना,
जीभ गुंडाळून तयारच.
बाई आधी गच्चीवर गेल्या, उत्तरेला पाहिलं,
खाली येऊन म्हणाल्या, आज नाही.
धूर खाली बसला आहे.
तोंडानं ओढलेली हवा कोणी गाळत नाही,
नाक निदान थोडी तरी गाळतं.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.
मीच पाहिलं माझ्या उजव्या हाताकडे.
एकतीस वर्षं, दर तासाला,
त्या धुराखाली माझी सही आहे.

काल पहाटे घरीच बसलो होतो.
उजवी मिटली, काही मागितलं नाही,
आणि डावीतून सुतासारखी हवा आत आली,
तिच्यामागून वास:
खालच्या बिऱ्हाडात कूलरचा वाळा
कोणीतरी नुकताच भिजवला होता.
किती उन्हाळे हा वास
माझ्या एकाच बाजूनं गेला असेल.

धरून ठेवावासा वाटला.
नाही धरला.
सोडला, हळू, मांजा संपेपर्यंत.

मग जुनी सवय. वही काढली.
पाच बेचाळीस.
डावी: चालू, कमी दाबानं.
बिघाड: नाही.
शेरा: वाळा.
सही.